किलो रुजला, आर रुजला नाही

महाराष्ट्रातला कोणताही सातबारा उतारा हातात घ्या. क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर, आर आणि चौरस मीटर छापलेले दिसतील. पण तोच उतारा पुढ्यात ठेवून शेतकरी, वकील आणि जमिनीचा दलाल बोलतात ते एकर-गुंठ्यांत. त्याच गावच्या किराणा दुकानात चित्र उलटे आहे. तिथे शेर नाही, अच्छेर नाही, छटाक नाही. लहानपणी शेर-मापट्यांनी धान्य मोजलेली आजीसुद्धा पाव किलो शेंगदाणे मागते. जमिनीची आणि किराण्याची ही दोन्ही मापे बदलली ती एकाच कायद्याच्या बळावर, १९५६ च्या वजने-मापे कायद्याच्या. एके ठिकाणी बदल बोलण्यात मुरला, दुसरीकडे तो कागदावर राहिला.

असे का झाले, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. उत्तराला अनेक बाजू आहेत. दुकानातली जुनी वजने गोळा करून वितळवता येतात, शेताचे बांध वितळवता येत नाहीत. किराण्याचा व्यवहार रोजचा, जमिनीचा पिढीतून एखाद-दुसऱ्या वेळचा. दुकानात वजनमापांचा तपासनीस येतो, शेतावर असे कोणी येत नाही. ही सगळी कारणे मला मान्य आहेत. तरीही एका कारणाकडे आपल्याकडच्या लेखनात फार थोडे लक्ष गेले आहे, आणि ते म्हणजे नाव. नवे माप कोणत्या नावाने लोकांपुढे आले, ते नाव तोंडात बसले का, त्याला पाव, अर्धा, दीड, अडीच लावता आले का, आणि त्याच नावाखाली आधी दुसरे एखादे माप नांदत होते का, यावर मेट्रिक पद्धतीचे भवितव्य जगभर ठरत गेले आहे.

नावाचा प्रश्न शोभेचा नाही, तो न्यायाचा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा अधिक. नाव मात्र तिन्हीकडे मणच. मोठा व्यापारी पदरी कोष्टक आणि कारकून बाळगून असे, त्याचे काही अडत नसे. ज्याच्यापाशी दोन्ही नव्हते तो नावावर विश्वास ठेवी आणि मालात बुडे. गावच्या धान्यमापांचीही तीच गत. नेळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी ती चढती रांग, प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. रचना देखणी आहे आणि अडाणी माणसालाही ती पाठ असे. पण मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा. शिवाय पायली सपाट भरायची की शीग लावून, हे मोजणाऱ्याच्या हातात. सावकार बियाणे देताना सपाट देई आणि सुगीला शिगोशीग घेई. दोन्ही वेळा शब्द ‘पायली’ हाच असल्यामुळे कुणब्याला भांडायला जागाच उरत नसे. माप बदलणे म्हणजे धातूचा तुकडा बदलणे नव्हे, दोन माणसांमधला शब्द बदलणे आहे, असे मी या पुस्तकात पुन्हापुन्हा म्हटले आहे ते याच जाणिवेतून.

या विषयाचा पहिला मोठा धडा फ्रान्सने गिरवला. राज्यक्रांतीच्या आधी त्या देशात मापांची सुमारे आठशे नावे आणि त्या नावांखाली अडीच लाख वेगवेगळी परिमाणे होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १७८९ मध्ये गावोगावच्या लोकांनी राजाकडे पाठवलेल्या तक्रारवह्यांत एका मापाची मागणी होती. म्हणजे सुधारणा लोकांनाच हवी होती, हे विसरता कामा नये. १७९१ मध्ये विज्ञान अकादमीच्या समितीने मीटरची व्याख्या पृथ्वीच्या मापाशी जोडली. देलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ डंकर्क ते बार्सिलोना ही रेषा मोजण्यात सात वर्षे फिरले. मोजणी पुरी होण्याआधीच नावांचा घोळ सुरू झाला होता. १७९३ मध्ये आजच्या किलोग्रॅमच्या वजनाला ‘ग्राव्ह’ म्हटले गेले. दोनच वर्षांनी, ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ते नाव गेले आणि आज आपण वापरतो ते कुटुंब जन्माला आले: मीटर, आर, लीटर, ग्रॅम ही मूळ नावे, पुढच्या पटींसाठी ग्रीक उपसर्ग आणि भागांसाठी लॅटिन.

शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले तर ही रचना अतिशय सुंदर आहे. उपसर्ग ऐकला की दहाची कितवी पट ते कळते, पाठांतर करावे लागत नाही. पण बाजारातल्या बाईला पूर्ण कुटुंबाशी देणेघेणे नसते. तिला दोन-तीन मापे लागतात आणि त्यांची नावे एकमेकांपासून कानाला वेगळी लागावी लागतात. डेकामीटर आणि डेसीमीटर यांत एका अक्षराचा फरक, आणि मोलात शंभरपटीचा. फ्रेंच दुकानदार आणि गिऱ्हाईक जुन्याच नावांना चिकटून राहिले.

मग सरकारने जे केले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोधप्रद पाऊल वाटते. नोव्हेंबर १८०० च्या हुकमाने नव्या मापांना जुनी नावे वापरायला परवानगी दिली. किलोग्रॅमला ‘लिव्र’ म्हणायचे, हेक्टोग्रॅमला ‘ओन्स’, लीटरला ‘पँत’, सेंटीमीटरला ‘दवा’, म्हणजे बोट. हेतू चांगला होता. पण पॅरिसचा जुना लिव्र सुमारे ४८९ ग्रॅमचा होता. आता त्याच नावाचा लिव्र दुपटीहून जड झाला. जुना ओन्स सुमारे ३० ग्रॅमचा, नवा शंभराचा. बाई दुकानात ‘अर्धा लिव्र लोणी’ म्हणाली तर तिला काय हवे आहे हे तिला आणि दुकानदाराला वेगवेगळे वाटू शकत होते. बारा वर्षांनी, १८१२ मध्ये, नेपोलियनच्या राजवटीने आणखी एक तडजोड केली. आता लिव्र म्हणजे ५०० ग्रॅम, त्याचे सोळा ओन्स, आणि अर्धा, पाव, आठवा भाग करायला मुभा. ‘त्वाझ’ म्हणजे दोन मीटर, ‘पिये’ म्हणजे पाऊल, मीटरचा तिसरा भाग. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत ‘लिव्र’ या एका शब्दाला तीन वजने लाभली: ४८९, १०००, ५००. हा गुंता १८३७ च्या कायद्याने तोडला आणि १ जानेवारी १८४० पासून निव्वळ मेट्रिक नावे सक्तीची झाली. तरीही लिव्र मेला नाही. आजही फ्रेंच बाजारात अर्ध्या किलोला लिव्र म्हटलेले ऐकू येते. पण आता तो किलोच्या मापाने नांदतो, स्वतःचे वेगळे वजन मागत नाही.

शेजारच्या नेदरलँड्सने सुरुवातच जुन्या नावांनी केली. १८२० च्या सुमारास तिथे मीटरला ‘एल’, सेंटीमीटरला ‘डाउम’ म्हणजे अंगठा, किलोला ‘पोंड’ आणि १०० ग्रॅमला ‘ऑन्स’ म्हणू लागले. १८६९ मध्ये ही नावे कायद्यातून काढावी लागली, कारण शेजाऱ्यांशी व्यापार करताना ती आडवी येऊ लागली. आज डच माणूस दुकानात १०० ग्रॅम चीजला ऑन्स म्हणतो आणि अर्ध्या किलोला पोंड. म्हणजे ऑन्स सरकारने ठरवला तसा राहिला, पोंड लोकांनी निम्मा केला. उत्तर जर्मन राज्यसंघाने १८६८ च्या कायद्यात मीटरला ‘श्टाब’ म्हणजे काठी असे घरगुती नाव देऊन पाहिले, आणि १८८४ मध्ये तीही नावे रद्द केली. स्वीडनने ‘मील’ हे नाव १० किलोमीटरसाठी ठेवले. ते आजही रोजच्या बोलण्यात आहे आणि कोणाचे त्यामुळे अडत नाही, कारण जुना मीलही त्याच्या जवळपासच होता. जुने नाव नव्या मापावर ठेवायचे तर दोन्ही परिमाणे शेजारची तरी हवीत, नाहीतर इतकी दूरची हवीत की चुकूनही एकाचे दुसरे वाटू नये. अर्धवट अंतर सर्वांत घातक. या निष्कर्षाचा आधार पहिल्या दोन प्रकरणांत सविस्तर मांडला आहे.

भारतात हा प्रयोग १८७० मध्येच होऊ घातला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना केंद्राने वजने-मापांचा कायदा केला, १८७१ मध्ये तो सुधारून पुन्हा मंजूर केला. त्यात वजनाच्या मूळ एककाचे नाव ‘शेर’ ठेवले होते आणि त्याचे वजन फ्रेंच किलोग्रॅमइतके धरले होते. कर्नल रिचर्ड स्ट्रेची हे या योजनेमागचे मोठे बळ. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात मेयोंचा खून झाला. कायदा पुस्तकात राहिला, अमलात कधी आला नाही. आला असता तर आज आपण पाव शेर दूध म्हणालो असतो आणि ते किलोच्या हिशेबातले असते.

ते बरे झाले असते का? यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझे उत्तर नाही असे आहे. त्या काळी बंगालचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. किलोपेक्षा तो केवळ ६७ ग्रॅमने कमी. हेच ते अर्धवट अंतर. मुंबईचा शेर तर २८ पौंडांच्या मणाचा चाळिसावा भाग, जेमतेम ३१८ ग्रॅमचा. या गर्दीत ‘शेर’ या नावाने आणखी एक वजन सोडणे म्हणजे दर शेरामागे कोणाला तरी सात टक्के खायला मोकळीक देणे. खाणारा कोण असता हे सांगायला नको. साहेबांची नियत साफ होती, नावाचा विचार मात्र अपुरा होता.

स्वतंत्र भारताने जेव्हा हे काम हाती घेतले तेव्हा नाण्यांना एक न्याय लावला आणि वजनांना दुसरा. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात, आणि ते एकमेकांपासून वेगळे का होते हे समजून घेण्यासारखे आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पया होत्या. चवली, पावली, अधेली ही नाणी लोकांच्या जिभेवर होती. सिलोनने १८७२ मध्ये रुपयाचे १०० सेंट केले होते, तोही मार्ग खुला होता. भारताने पैसा हे नाव ठेवले आणि त्याच्यापुढे ‘नया’ जोडले. नुसता पैसा म्हटले असते तर रुपयाचा चौसष्टावा भाग आणि शंभरावा भाग यांत भांडण लागले असते. ‘नया’ या एका विशेषणाने ते टाळले. शिवाय नाण्यावरच ‘रुपये का सौवाँ भाग’ असे कोरलेले होते, दहाच्या नाण्यावर ‘रुपये का दसवाँ भाग’, पंचविसाच्या नाण्यावर ‘रुपये का चौथा भाग’. नाव आणि त्याची व्याख्या दोन्ही एकाच तुकड्यावर. इतका विचार करून पाडलेली नाणी जगात थोडी असतील.

तरीही संक्रमणाची वर्षे सोपी नव्हती. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५ असे पूर्णांक दिले होते. म्हणजे एकेक आण्याने सोळा वेळा पैसे चुकते केले तर रुपयाचे ९६ नये पैसेच भरत. चार पैशांचा हा फरक कोणाच्या तरी खिशात जाई किंवा खिशातून जाई. आठ आणे आणि चार आणे मात्र बरोबर ५० आणि २५ वर बसत. म्हणून तीच दोन नावे टिकली. पन्नास पैशांना आठ आणे आणि पंचवीस पैशांना चार आणे म्हणणारी माणसे २०११ मध्ये पंचवीस पैशांचे नाणे चलनातून जाईपर्यंत होती. चवलीचे साडेबारा पैसे होत, तसे नाणे नव्हते, आणि चवली हे नाव माझ्या पिढीच्या आधीच विरले. १ जून १९६४ रोजी ‘नया’ हा शब्द नाण्यावरून काढला. सात वर्षांत जुना पैसा इतका विसरला गेला होता की आता वेगळे ओळखण्याची गरज उरली नव्हती. विशेषण कधी लावावे आणि कधी उतरवावे, दोन्ही वेळा नेमक्या साधल्या.

वजनांच्या बाबतीत असे विशेषण चालले नसते. ‘नवा शेर’ म्हणायचे तर कोणत्या शेरापेक्षा नवा? १९३९ च्या कायद्याने ८० तोळ्यांचा शेर प्रमाण ठरवला होता, पण गावोगावचे शेर जिवंत होते. म्हणून १९५६ च्या कायद्याने मीटर, किलोग्रॅम, लीटर ही नावे जशीच्या तशी घेतली. ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत आणि धंद्यांत सुरुवात झाली आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत जुनी वजने बेकायदा ठरली. षटकोनी लोखंडी वजने, बुडाच्या खाचेत शिसे ओतून त्यावर मारलेला सरकारी शिक्का, हे ज्यांनी तराजूच्या काळातली दुकाने पाहिली आहेत त्यांना आठवेल.

परकी, लांब, आपल्या भाषेत मुळे नसलेली ही नावे. ती टिकणार नाहीत असे पुष्कळांना वाटले होते. टिकली, कारण लोकांनी ती तशीच ठेवली नाहीत. किलोग्रॅममधला ग्रॅम त्यांनी उडवला. ग्रीक भाषेत किलो म्हणजे हजार, तो नुसता उपसर्ग, पण बाजाराने उपसर्गालाच नाव केले. दोन अक्षरांचे, शेराइतकेच छोटे, आणि पूर्वी कोणत्याही मापाचे नसलेले. मला हे भाषेचे बिघडणे वाटत नाही. लोकांनी नाव छाटले की समजावे, ते त्यांनी आपले मानले.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. शेर गेला, पण पाव राहिला. मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच ही अपूर्णांकांची अशी संपन्न मालिका आहे की तिच्यावाचून आपण खरेदी करूच शकत नाही. ही नावे शेराला बांधलेली नव्हती. पावशेर म्हणणाऱ्याला पाव किलो म्हणताना अर्धाच शब्द बदलावा लागला. हजार ग्रॅम हा आकडाही सोयीचा. त्याचा पाव अडीचशे, पाऊण साडेसातशे, सव्वा साडेबाराशे, सगळे पूर्ण आकडे. दहाच्या पटीत विचार करणाऱ्यांच्या पद्धतीत निम्मे-पाव करणाऱ्यांची पद्धत अलगद बसली. फ्रान्सच्या १७९५ च्या कायद्यात दुप्पट आणि निम्मे यांना जागा होती, पावाला नव्हती. १८१२ मध्ये लोकांनी ती मागून घेतली. आपल्याकडे ती मागावी लागली नाही, कारण ती शब्दांतच होती. मेट्रिक पद्धत मराठीत रुजली याचे मोठे श्रेय मी या अपूर्णांकांना देतो. कायद्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेखही सापडत नाही.

मेट्रिक कुटुंबातले उरलेले सभासद शाळेतच राहिले. किलो, हेक्टो, डेका ही माळ पाठ केलेला कोणीही पुढे आयुष्यात हेक्टोग्रॅम उच्चारत नाही. डेसीलीटर रक्ताच्या प्रत्येक अहवालावर छापलेला असतो, पण मधुमेही माणूस ‘शुगर १४०’ एवढेच सांगतो. तापमानात तर नावाने गंमतच केली आहे. अंगात १०२ ताप आणि अकोल्यात ४४ तापमान, पहिले फॅरनहाइट, दुसरे सेल्सिअस, दोन्ही ‘डिग्री’. इथे नाव एकच असूनही घोटाळा होत नाही, कारण दोन्ही आकड्यांची दुनिया एकमेकांत मिसळत नाही.

घोटाळा होतो तो सोन्यात. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि प्रमाण तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ ज्याला तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. नाव जुने, माप नवे, आणि अंतर अर्धवट. सासूच्या वेळच्या यादीत ‘पाच तोळ्यांचा हार’ असे लिहिले असेल तर तो ५८ ग्रॅमांहून थोडा जास्त असायला हवा. सुनेच्या वेळचा पाच तोळ्यांचा हार ५० ग्रॅमचा. वाटणीच्या वेळी दोन्ही हार समान धरले तर आठ ग्रॅमांवर पाणी सोडावे लागते, आणि कोणी खोटे बोललेलेही नसते. जुन्या यादीतल्या तोळ्याचे ग्रॅम करून घ्यावेत, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

आता जमिनीकडे. गुंठा आपल्याला फार पुरातन वाटतो. मराठेशाहीच्या दप्तरात मात्र जमीन बिघ्यांत आणि चाहुरांत मोजलेली दिसते. वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. एकराचा चाळिसावा भाग म्हणून गुंठा आला तो इंग्रजी मोजणीबरोबर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात मोजणी आणि आकारणीची जी पद्धत बसवली ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब-रुंद चौरस म्हणजे गुंठा. १२१ चौरस यार्ड, १०८९ चौरस फूट. म्हणजे ज्याला आपण मातीतले माप समजतो ते एके काळी सरकारने वरून आणलेलेच होते. ते रुजले कारण मोजणीदाराने प्रत्येक बांधावर साखळी टाकली, शेतकऱ्याने ती डोळ्यांनी पाहिली, आणि तिचे भाग आणे होते, जे त्याच्या रुपयाचेही भाग होते. परके माप ओळखीच्या नावांच्या हाताला धरून शेतात आले.

आरच्या वाट्याला असे काही आले नाही. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. दोन्ही इतके जवळ की आरला गुंठा म्हणण्याची मुभा दिली असती तर कदाचित काम झाले असते. पण मग एकराचे ४० की साडेचाळीस, हा वाद उभा राहिला असता. तो आजही आहेच. ४० आर म्हणजे एकर असे धरून व्यवहार करणारे आहेत. खरा एकर ४०४६.८६ चौरस मीटरचा. फरक ४६.८६ चौरस मीटर, सुमारे ५०४ चौरस फूट. कोरडवाहू माळावर त्याचे काही वाटणार नाही. पुण्या-नाशिकच्या वेशीवर तेवढ्यात दोन खोल्यांचे घर उभे राहते.

आणि हेक्टर? महाराष्ट्रात शेतकऱ्याचे सरासरी क्षेत्र दीड हेक्टरच्याही खाली आहे. दोन एकरांचा धनी उतारा वाचतो तेव्हा त्याची जमीन ०.८०.९४ अशी लिहिलेली असते. शून्यापासून सुरू होणारी. ज्या मापात माणसाची सगळी मिळकत एकालाही पोचत नाही ते माप तो अभिमानाने उच्चारेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. खुद्द शासनालाही गुंठा टाळता आला नाही. अनधिकृत भूखंड नियमित करण्यासाठी २००१ मध्ये विधिमंडळाने जो कायदा केला त्याचे नाव गुंठेवारी विकास अधिनियम. मेट्रिक पद्धत सक्तीची होऊन चार दशके लोटल्यावर कायद्याच्या मथळ्यात गुंठा आला, कारण त्या व्यवहाराला दुसरे नावच नव्हते. वाळू-मुरमाचा ब्रास, सुताराचा सूत, सदनिकेचा चौरस फूट आणि नऊवारीतला वार यांचीही कथा थोड्याफार फरकाने हीच आहे, आणि त्यांना पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

नव्या काळात घडलेल्या नावांनी मला आशा दिली आहे. विजेचे माप किलोवॅट-तास. ते कोणी उच्चारत नाही, सगळे ‘युनिट’ म्हणतात, आणि वीजबिल हा कदाचित आपल्या घरातला सर्वांत नीट वाचला जाणारा मेट्रिक कागद आहे. धरणांच्या पाण्याचे उदाहरण त्याहून महत्त्वाचे. वर्तमानपत्रे आणि नेते टीएमसी बोलतात, म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. कोयना १०५ टीएमसीची, हे पश्चिम महाराष्ट्रात पोरांनाही ठाऊक असते. जलसंपदा खात्याचे कागद मात्र दशलक्ष घनमीटरमध्ये असतात, आणि या लांब नावाची आद्याक्षरे जुळवून मराठीतच एक शब्द घडला आहे: दलघमी. मराठवाड्यातल्या बातम्यांत तो रोज भेटतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी, म्हणजे साडेशहात्तर टीएमसीहून किंचित जास्त. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. परदेशातून न आलेले, कोणत्याही जुन्या मापाशी न भांडणारे, चार अक्षरांत मावणारे हे मेट्रिक नाव आहे.

नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, हा वाद दर कमी पावसाच्या वर्षी उठतो. आदेशात आकडा एका मापात असतो, मोर्च्यातल्या भाषणात दुसऱ्या, आणि धरण ‘किती टक्के’ हा तिसराच हिशेब लोकांच्या तोंडी असतो. टक्का सोपा आहे, पण दोन धरणांचे टक्के एकमेकांशी ताडता येत नाहीत. लहान धरणाचे नव्वद टक्के मोठ्याच्या दहा टक्क्यांहून कमी असू शकतात. पाण्यावरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी निदान एकाच नावाच्या मापात बोलावे, एवढ्यासाठी शेवटचे प्रकरण पाण्याला दिले आहे. त्यातली कोष्टके टीएमसी, दलघमी आणि विसर्गाचे क्युसेक यांची आहेत. एक हजार क्युसेकने दिवसभर पाणी सोडले तर किती दलघमी होते, हे त्यांत थेट पाहता येईल. ते सुमारे २.४५ दलघमी होते.